पासवर्ड न काढता वायफायचा वेग: एन्क्रिप्शनचं ओझं कार्डावर कसं टाकायचं

आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सात वाजले की एक तक्रार ठरलेली असायची. "सर, व्हिडिओ अटकून राहिला." आणि तिच्या मागोमाग कोणीतरी उपायही सांगायचा, "पासवर्डच काढून टाका नं, मंग पाहा कसं पयते."

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. अभ्यासिका म्हणजे समाजमंदिराची एक खोली, त्यात पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोट्टे-पोट्टी. बाहेरचं इंटरनेट ग्रामपंचायतीत भारतनेटच्या फायबरवरून येतं आणि त्याचा भरवसा नसतो. म्हणून शिकवणीचे व्हिडिओ आणि किविक्समधला ऑफलाइन विकिपीडिया आम्ही खोलीतल्या एका जुन्या डेस्कटॉपवर साठवला आहे. त्यावर लिनक्स आहे. त्यालाच यूएसबी वायफाय कार्ड लावलं आहे, आणि पोरांचे मोबाइल थेट त्याला जोडले जातात. बाहेरची लाइन गेली तरी हे चालायला हवं. तरीही अडकायचं.

मी एका रात्री खोली रिकामी झाल्यावर पासवर्ड काढून पाहिला. वेग खरंच वाढला. पोरांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, उपाय मात्र घातक होता. याच खोलीत महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात, कोणाच्या वडिलांची ई-पीक पाहणी होते, पीक विम्याची कागदं चढतात. मोठ्या वेबसाइटी स्वतःचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर कोणाला वाचता येऊ नये म्हणून झाकण्याची सोय, वापरतात हे खरं. पण आमच्या डेस्कटॉपवरची पानं साध्या, न झाकलेल्या एचटीटीपीवर चालतात, तिथलं लॉगिन उघड्या वायफायवर कोणालाही वाचता येतं. शिवाय उघडं वायफाय म्हणजे रस्त्यावरचा कोणीही आत. पासवर्ड त्याच रात्री परत लावला. पण एक गोष्ट कळली होती: कुलूप लावल्यावर वेग एवढा पडत असेल, तर ते कुलूप चुकीचा माणूस लावतो आहे. पुढचा सगळा लेख तो माणूस शोधण्याचा आणि काम योग्य हाती देण्याचा आहे.

एक सूचना आधीच. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलात त्या इंग्रजीच्या लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हिशेब समजून घ्या

आजच्या बहुतेक घरगुती वायफायवर डब्ल्यूपीए२ हे सुरक्षेचं कुलूप असतं. ते २००४ साली मंजूर झालेल्या ८०२.११आय या मानकावर उभं आहे, आणि त्यातल्या एन्क्रिप्शनच्या पद्धतीचं नाव सीसीएमपी. तिच्या पोटात एईएस आहे, बेल्जियमच्या योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमन यांनी रचलेलं आणि २००१ साली अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारलेलं.

हवेतून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाला, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याला, सीसीएमपी १६ बाइट जोडतं, ८ पुढे आणि ८ मागे. पाकीट साधारण १५०० बाइटचं. म्हणजे हवेतला खर्च शेकडा एकाच्या आसपास. इतक्याने व्हिडिओ अडकत नाही. पासवर्डमुळे हवेतच वायफाय संथ होतं हा समज इथेच सोडून द्या.

खर्च आहे तो गणिताचा. एईएस १६ बाइटचा एक तुकडा घेतं आणि त्यावर १० फेऱ्या करतं. १५०० बाइटच्या पाकिटात असे ९४ तुकडे. सीसीएमपी प्रत्येक तुकड्यावर दोनदा काम करतं: एकदा मजकूर झाकायला आणि एकदा वाटेत कोणी फेरफार केला नाही याची मोहर तयार करायला. झाले १८८. सेकंदाला १०० मेगाबिट पाठवायचे म्हणजे आठ हजारांवर पाकिटं, म्हणजे एईएसची पंधरा-सोळा लाख कामं दर सेकंदाला. वायफाय कार्डाच्या चिपमध्ये याच कामासाठी वेगळं सर्किट कोरलेलं असतं, त्याला हे काहीच नाही. पण तेच काम जुन्या प्रोसेसरने साध्या प्रोग्रॅमने करायचं ठरवलं, आणि त्याच वेळी त्याला डिस्कवरून दहा जणांचे व्हिडिओही वाचायचे असतील, तर त्याचा दम निघतो.

त्या दोन कामांत आणखी एक फरक आहे आणि तो पुढे उपयोगी पडेल. झाकण्याचं काम कापूस वेचणीसारखं आहे. पाच बाया पाच तासांवर, म्हणजे ओळींवर, लागल्या तर पाचही तास एकदम पुढे सरकतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. मोहरेचं काम विणकामासारखं, मागचा टाका पडल्याशिवाय पुढचा पडत नाही. त्यामुळे प्रोसेसर कितीही रुंद असला तरी मोहर एकेक तुकड्याने पुढे जाते.

तर हे काम तीन ठिकाणी होऊ शकतं. वायफाय कार्डात, हे सगळ्यात चांगलं. प्रोसेसरमधल्या एईएसच्या खास सूचनांनी (याच गणितासाठी प्रोसेसरमध्ये घडवलेल्या आज्ञांनी), हेही चालतं. किंवा प्रोसेसरमध्येच साध्या प्रोग्रॅमने, आणि इथेच आमचं घोडं अडलं होतं.

पहिलं काम: मोजा, आणि इंटरनेट मोजू नका

वेग तपासायचा म्हटलं की सगळे मोबाइलवर स्पीड टेस्ट उघडतात. त्यात बाहेरच्या लाइनचा वेग कळतो, आपल्या खोलीतला नाही. आपल्याला डेस्कटॉप ते लॅपटॉप एवढंच अंतर मोजायचं आहे. दोन्हीकडे आयपर्फ३ हे पॅकेज टाका. डेस्कटॉपवर 'आयपर्फ३ -एस' चालवा, तो वाट पाहत बसेल. लॅपटॉपवर 'आयपर्फ३ -सी' आणि पुढे डेस्कटॉपचा आयपी पत्ता. ही झाली लॅपटॉपकडून डेस्कटॉपकडे जाणारी दिशा. मागे 'मोठा आर' जोडून '-आर' दिलं की दिशा उलटते, आणि व्हिडिओ याच उलट्या दिशेने येतात म्हणून आपल्याला तीच महत्त्वाची. '-टी ३०' दिलं तर तीस सेकंद मोजेल; दहा सेकंदांच्या मोजणीवर मी भरवसा ठेवत नाही.

मोजणी चालू असताना डेस्कटॉपवर दुसऱ्या खिडकीत 'टॉप' उघडा आणि कीबोर्डवरचा १ दाबा. प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरची, म्हणजे स्वतंत्र काम करणाऱ्या भागाची, वेगळी ओळ दिसेल. त्यात 'एसवाय' आणि 'एसआय' या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवा. पहिला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा वेळ, दुसरा कर्नलच्या नेटवर्कसारख्या तातडीच्या कामांचा. एखादा कोअर शंभराला टेकलेला आणि त्यात या दोघांचाच वाटा असेल, खाली यादीत 'केसॉफ्टआयआरक्यूडी' नावाची प्रक्रिया वर आलेली असेल, तर संशय पक्का होत जातो.

आता तीच मोजणी पासवर्ड काढून एकदा करा. खोलीत कोणी नसताना, पाच मिनिटांसाठी, आणि लगेच परत लावा. दोन्ही आकडे वहीत लिहा. फरक नगण्य असेल तर एन्क्रिप्शन निर्दोष आहे, हा लेख इथेच ठेवा आणि दुसरीकडे शोधा: २.४ गिगाहर्ट्झवरची गर्दी, कार्ड लोखंडी कपाटामागे असणं, किंवा खोलीच्या टोकाला बसलेला एखादा जुना मोबाइल. दूरचा मोबाइल कमी वेगाने बोलतो आणि तेवढा वेळ हवा अडवून ठेवतो, बाकीचे रांगेत थांबतात. पण पासवर्डशिवाय वेग बराच वाढला आणि कोअरवरचा भार उतरला, तर पुढे वाचा.

दुसरं काम: टीकेआयपी हाकला

हे सगळ्यात सोपं आहे आणि आश्चर्य वाटेल इतक्या ठिकाणी हेच कारण निघतं. टीकेआयपी ही २००३ सालची, सीसीएमपीच्या आधीची तात्पुरती पद्धत. त्याआधीची डब्ल्यूईपी ही पद्धत फुटल्यावर, होती तीच कार्डं चालवून घेता यावीत म्हणून काढलेली. पुढे ८०२.११एन आलं तेव्हा नियमच केला गेला की टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी वापराल तर एनचे वेग मिळणार नाहीत, ५४ मेगाबिटवर अडकाल. कार्ड ३०० चं असलं तरी.

लिनक्सवर वायफाय वाटायचं काम होस्टएपीडी करतं. त्याची सेटिंग फाइल उघडा. 'डब्ल्यूपीए' समोर २ हवा. 'आरएसएन-पेअरवाइज' समोर फक्त सीसीएमपी हवं. कुठेही टीकेआयपी दिसलं तर काढा. जुन्या मार्गदर्शकांतून उतरवलेल्या फाइलींत 'डब्ल्यूपीए-पेअरवाइज' समोर ते हमखास बसलेलं असतं. त्याच फाइलीत 'आय ट्रिपल ई ८०२११एन' आणि 'डब्ल्यूएमएम एनेबल्ड' या दोन्हींसमोर १ आहे का बघा, कारण डब्ल्यूएमएम, म्हणजे कोणत्या पाकिटाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय, चालू नसेल तर एनचे वेग मिळत नाहीत. साधा राउटर असेल तर त्याच्या पानावर सुरक्षेच्या यादीतून 'डब्ल्यूपीए२ पीएसके, एईएस' निवडा. 'टीकेआयपी आणि एईएस दोन्ही' असा मधला पर्याय घेऊ नका.

विंडोजच्या लॅपटॉपवर आपण कशाने जोडलो आहोत ते बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' द्या. सायफरच्या ओळीत सीसीएमपी दिसलं की झालं.

तिसरं काम: काम कोण करतंय ते पकडा

आधी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, कोणता ते शोधा. आतल्या कार्डासाठी 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा ड्रायव्हरचं नाव दाखवते. यूएसबी कार्डासाठी 'एलएसयूएसबी -टी' मध्ये ते झाडाच्या फांदीवर लिहिलेलं दिसतं. एथेरॉसच्या कार्डाला एटीएच९के, त्याच घरातल्या यूएसबीवाल्याला एटीएच९के-एचटीसी, इंटेलला आयडब्ल्यूएल-वायफाय, रॅलिंकच्या यूएसबीला आरटी२८००यूएसबी, असं काहीतरी येईल.

मग 'मॉडइन्फो -पी' आणि पुढे ते नाव. ड्रायव्हर कोणकोणत्या सेटिंगा मान्य करतो त्याची यादी येते. तिथे 'नोएचडब्ल्यूक्रिप्ट' किंवा इंटेलच्या बाबतीत 'एसडब्ल्यूक्रिप्टो' शोधा. पहिल्याचा अर्थ 'हार्डवेअर एन्क्रिप्शन नको', दुसऱ्याचा 'सॉफ्टवेअरने कर'. दोन्ही एकच सांगतात: ओझं कार्डावरून काढून प्रोसेसरच्या डोक्यावर ठेव.

सध्या ती सेटिंग काय आहे ते 'एसवायएस' फोल्डरात मिळतं. वाट अशी: एसवायएस, त्यात मॉड्यूल, त्यात ड्रायव्हरचं नाव, त्यात पॅरामीटर्स, त्यात सेटिंगच्या नावाची फाइल. 'कॅट' ने वाचा. ० किंवा एन आलं तर कार्ड मोकळं आहे. १ किंवा वाय आलं तर चोर सापडला.

आमच्याकडे १ आला.

आणखी थेट पुरावाही मिळतो, आणि मला ही जागा फार आवडते. रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊन एसवायएस, कर्नल, डीबग, आय ट्रिपल ई ८०२११, फाय०, कीज या वाटेने आत जा. प्रत्येक चालू किल्लीसाठी (ज्या गुप्त आकड्याने पाकिटं झाकली-उघडली जातात तो) एक क्रमांकाचं फोल्डर दिसेल. त्यातली 'फ्लॅग्ज' फाइल वाचा. ०एक्स१ म्हणजे ही किल्ली कार्डाच्या हाती दिली आहे, ०एक्स० म्हणजे प्रोसेसर स्वतः घाम गाळतो आहे. शेजारची 'अल्गोरिदम' फाइल पद्धत सांगते. तिथे शेवटी ४ असेल तर सीसीएमपी, २ असेल तर टीकेआयपी. हे बघताना निदान एक मोबाइल जोडलेला हवा, नाहीतर त्याची किल्लीच नसेल.

काही लिनक्स वितरणांत ही खिडकी बंद ठेवलेली असते, फोल्डर नाही दिसलं तर घाबरू नका. आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या आतल्या वायफायसारख्या कार्डांत सगळा कारभार कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्डातलाच प्रोग्रॅम बघतो, तिथे कर्नलकडे किल्ली येतच नाही. तिथे एन्क्रिप्शनबद्दल काही करण्यासारखं नसतं आणि गरजही नसते.

एक बारीक गोष्ट. कार्डात किल्ल्या ठेवायला ठरावीक खण असतात. खण भरले की ड्रायव्हर 'जागा नाही' म्हणतो, आणि कर्नल मुकाट्याने पुढच्या मोबाइलचं काम प्रोसेसरवर घेतं. म्हणून चार जण असताना सगळं छान आणि गर्दी झाली की एकदम संथ असं होत असेल, तर भरलेल्या खोलीत सगळ्या किल्ल्यांचे फ्लॅग्ज तपासा.

चौथं काम: तो एक काढा

ही सेटिंग आपोआप १ होत नाही. कोणीतरी कधीतरी ईटीसी फोल्डरातल्या 'मॉडप्रोब डॉट डी' मध्ये एक फाइल टाकलेली असते. त्या फोल्डरात 'ग्रेप -आर क्रिप्ट' मारा, ओळ सापडेल: ऑप्शन्स, ड्रायव्हरचं नाव, नोएचडब्ल्यूक्रिप्ट बरोबर १. ओळ पुसू नका, तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह लावा म्हणजे ती निकामी होईल आणि गरज पडली तर परत आणता येईल. डेबियन आणि उबंटूच्या घराण्यात त्यानंतर सुडोसकट (सुडो म्हणजे रूटचा अधिकार देणारी आज्ञा) 'अपडेट-इनिटरामएफएस -यू' चालवा, नाहीतर जुनी प्रत सुरुवातीलाच लागू होऊ शकते. मग मशीन बंद करून चालू करा. हे सगळं डेस्कटॉपसमोर बसून करा, त्याच वायफायवरून दुरून नाही, कारण मधेच जोडणी तुटेल.

चालू झाल्यावर तीच आयपर्फची मोजणी, त्याच जागेवरून, त्याच लॅपटॉपने. आमच्या खोलीत पासवर्डसकट वेग पासवर्डशिवायच्या आकड्याला येऊन भिडला आणि 'एसआय' चा आकडा खाली बसला.

ओळ टाकणाऱ्याला दोष देण्याआधी तिचं कारणही समजून घ्या. एकेकाळी काही कार्डं हार्डवेअर एन्क्रिप्शन चालू असताना जोडणी तोडत, आणि ही ओळ त्यावरचा खरा उपाय होती. दुसरं कारण डब्ल्यूपीए३. २०१८ साली आलेल्या या मानकात व्यवस्थापनाची पाकिटंही (जोडणी तोडण्यासारखे निरोप) झाकणं सक्तीचं आहे, त्याला पीएमएफ म्हणतात. जुन्या चिपांना ते जमत नाही, आणि काही ड्रायव्हरांच्या जुन्या आवृत्त्यांत हार्डवेअर एन्क्रिप्शन बंद केल्यावरच पीएमएफ मिळायचं. तुमच्याकडे ओळ काढल्यावर जोडणी तुटायला लागली तर आधी कर्नल आणि लिनक्स-फर्मवेअर पॅकेज अद्ययावत करा. बऱ्याचदा मूळ दोष कधीच दुरुस्त झालेला असतो आणि फक्त ओळ मागे राहिलेली असते. तरीही तुटत असेल तर ओळ परत चालू करून पुढच्या कामाकडे वळा.

सुरक्षेची चिंता करणाऱ्यांसाठी: कार्डाने केलं काय आणि प्रोसेसरने केलं काय, गणित तेच, किल्ली तीच, हवेत जाणारं पाकीट तेच. कुलूप कमजोर होत नाही. कमजोर होतं ते पासवर्डने. गावाचं नाव आणि १२३ असा पासवर्ड ठेवू नका.

पाचवं काम: कार्डाला जमत नसेल तर प्रोसेसर

प्रोसेसरमध्ये एईएसच्या खास सूचना आहेत का ते 'एलएससीपीयू' सांगतं. फ्लॅग्जच्या लांब ओळीत 'एईएस' हा सुटा शब्द शोधा. असेल तर एईएसची एक फेरी एका सूचनेत उरकते. नसेल तर तेच काम तक्ते उलगडत, कितीतरी पावलांत करावं लागतं.

इंटेलने या सूचना २००८ मध्ये जाहीर केल्या आणि २०१० च्या वेस्टमियर पिढीपासून प्रोसेसरमध्ये आणल्या. पण सगळ्यांत नाही, आणि जुन्या बाजारातून मशीन घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायला हवं. कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत. दुसऱ्या पिढीच्या आय५ मध्ये मिळतात, त्याच पिढीच्या आय३ मध्ये नाहीत. आय३ ला त्या मिळाल्या चौथ्या पिढीपासून. डेस्कटॉपच्या पेंटियम आणि सेलेरॉनला तर २०१५ च्या स्कायलेकपर्यंत थांबावं लागलं. एएमडीने २०११ च्या बुलडोझरपासून दिल्या. रास्पबेरी पाय ३ आणि ४ मध्ये त्या नाहीत, ५ मध्ये आहेत. यवतमाळ किंवा अमरावतीहून शाळेसाठी जुने संगणक आणायला जाणार असाल तर पेनड्राइव्हवर लिनक्स न्या, दुकानातच चालू करून हा एक शब्द बघा. दोन मशीन एकाच किमतीला असतील तर ज्यात तो आहे तेच घ्या.

प्रोसेसर इंटेलचा आणि मॉडेल बरोबर असूनही फ्लॅग दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये शिरा. काही मशीनमध्ये एईएस-एनआय नावाचा पर्याय असतो आणि तो बंद ठेवलेला असतो. व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर त्याला यजमानाचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवण्याची सेटिंग लागते.

फ्लॅग आहे, पण कर्नल तो वापरतं का? 'कॅट' ने प्रॉक फोल्डरातली 'क्रिप्टो' फाइल वाचा. लांबलचक असते. सीसीएम आणि कंसात एईएस असं नाव असलेला उतारा शोधा आणि त्याखालची 'ड्रायव्हर' ची ओळ बघा. तिथे 'एईएसएनआय' आलं, किंवा रास्पबेरी पायसारख्या एआरएम मशीनवर 'सीई' आलं, तर बरोबर हाती काम आहे. 'जेनेरिक' आलं तर कर्नल साध्या प्रोग्रॅमने करतंय. मग सुडोसकट 'मॉडप्रोब एईएसएनआय-इंटेल' (मधे अधोरेखा) द्या. त्यानंतर होस्टएपीडी पुन्हा चालू करायला विसरू नका. कोणता कारागीर घ्यायचा हे किल्ली तयार होताना एकदाच ठरतं. आधी जोडलेले मोबाइल जुन्या कारागिरावरच राहतात. माझी एक संध्याकाळ याच विसराळूपणात गेली.

प्रत्यक्ष फरक बघायचा तर 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' चालवा. हे कर्नलच्याच एईएसचा वेग मोजतं, डिस्कला हात लावत नाही. एईएस-सीबीसी १२८ च्या ओळीत दोन आकडे येतात, पहिला झाकण्याचा आणि दुसरा उघडण्याचा. खास सूचना चालू असतील तर दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा दिसेल. वर सांगितलेलं विणकाम आणि वेचणी ते हेच. सीबीसीत झाकताना टाक्यामागून टाका, उघडताना मात्र सगळे तास एकदम. वायफायची मोहर त्या पहिल्या, हळू आकड्याच्या जातीची आहे, म्हणून तोच आकडा विचारात घ्या.

इथेच एक गोंधळ दूर करतो. वायफायवरून पुढे वायरगार्ड व्हीपीएन चालवत असाल तर त्याला एईएसच्या सूचनांचा काहीच उपयोग नाही. ते चाचा२० नावाची वेगळी पद्धत वापरतं, जी साध्या प्रोसेसरवरही चांगली पळते. त्या संथपणाचा शोध वेगळा.

कार्डालाही जमत नाही आणि प्रोसेसरमध्येही नाही?

मग त्या मशीनकडून हे काम काढूनच घ्या. घरात पडलेला कुठलाही बरा वायफाय राउटर घ्या, ८०२.११एनचा असला तरी चालेल. त्याच्या पानावर जाऊन डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला डेस्कटॉपच्या जाळ्यातला मोकळा आयपी पत्ता द्या, आणि डेस्कटॉपची केबल त्याच्या लॅनच्या खोबणीत लावा, वॅनच्या नाही. डेस्कटॉपवर होस्टएपीडी बंद करा, आणि पत्ते वाटायचं काम त्याच्या लॅन पोर्टवर चालू ठेवा. आता एन्क्रिप्शन राउटरच्या रेडिओ चिपमध्ये होईल, डेस्कटॉपने फक्त व्हिडिओ वाचून केबलवर सोडायचे. राउटरचा पोर्ट १०० मेगाबिटचा असला तरी एका खोलीला पुरतो. खरं सांगायचं तर नव्याने अभ्यासिका उभारणाऱ्याला मी सुरुवातच इथून करायला सांगेन. यूएसबी कार्डावर वीस मोबाइल लादणं मुळातच त्या कार्डावर अन्याय आहे. राउटर मात्र डेस्कटॉपच्याच इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेल्यावर एक चालू आणि एक बंद असेल तर उपयोग नाही.

शेवटची मोजणी एप्रिल-मे महिन्यात, भर दुपारी करा. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि ज्याच्या डोक्यावर एन्क्रिप्शनही आहे तो आधी दबतो. जानेवारीत ठीक वाटणारी व्यवस्था मे महिन्यात अडखळायला लागते ती यामुळे. 'सेन्सर्स' ही आज्ञा तापमान दाखवते. आमच्या खोलीजवळून कापसाच्या गाड्या जातात, त्यामुळे दिवाळीनंतर पंख्याच्या पात्यांवर तंतूंचा थर बसतो. फेब्रुवारी संपायच्या आत डबा उघडून मऊ ब्रशने साफ करतो. दर वेळी आयपर्फचा आकडा आणि तापमान, दोन्ही तारखेसह भिंतीवरच्या कागदावर लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी "अटकून राहिला" ऐकू आलं की पासवर्डऐवजी त्या कागदाकडे बोट दाखवता येतं.